शाळा वाढवायला मतं मागायची आहेत : न्यू जर्सीतल्या बाँड रेफरंडमबद्दल बोलूया

पारिजात_एनजे

नमस्कार मंडळी. मी मध्य न्यू जर्सीत राहते, मिडलसेक्स काउंटीत. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण इथे वाद गावाचा नाही, विषयाचा व्हावा असं वाटतं.

आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टने (म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने) मार्चमध्ये बाँड रेफरंडम ठेवलंय, म्हणजे शाळेच्या इमारतींसाठी कर्ज काढायचं का यावर गावाचं मतदान. मुलं वाढली, वर्ग तेवढेच राहिले. एलिमेंटरीच्या मागे वर्ग म्हणून वापरायचे ट्रेलर उभे आहेत, आणले तेव्हा तात्पुरते होते, आता त्यांच्या पायऱ्यांना गंज चढलाय. कॅफेटेरियात सगळी मुलं एका वेळी मावत नाहीत म्हणून पहिली बॅच साडेदहाच्या आधीच जेवायला बसते आणि घरी येईपर्यंत भुकेने कासावीस होते. आर्टच्या बाईंना खोली नाही, त्या कागद-रंग ढकलगाडीवर घालून या वर्गातून त्या वर्गात जातात. स्पीच थेरपी एका स्टोअररूममध्ये चालते, दार लावलं की आत दोन माणसं आणि एक टेबल, बस्स.

आता प्रश्न असा की मंडळाच्या कार्यक्रमात, देवळात, क्रिकेटच्या ग्राउंडवर जो तो म्हणतो की शाळा भरून वाहतायत, काहीतरी करायला पाहिजे, आणि हे काहीतरी करायचा दिवस येतो तेव्हा आपले लोक मतदानाला जातच नाहीत. अध्यक्ष निवडायचा असेल तर रात्रभर टीव्हीसमोर बसतील, पण मार्चमधल्या एका मंगळवारी फक्त शाळेसाठी मत द्यायचंय हे निम्म्यांना माहीतही नसतं. अशा निवडणुकीला इतके थोडे लोक येतात की एका गल्लीतली मतं इकडची तिकडे झाली तरी निकालाला फरक पडतो.

आपण सगळे इथे घर घेताना आधी शाळेचं रेटिंग बघतो. मग त्या शाळेसाठी मत मागायला शेजाऱ्याच्या दारात जायला का लाजायचं? मला या कामाला लागायचंय. ज्यांनी हे केलंय, किंवा ज्यांचा विरोध आहे, दोघांनीही लिहा प्लीज.

हिशोबी

चांगला धागा. मी आमच्या डिस्ट्रिक्टच्या फायनान्स कमिटीत पालक म्हणून होतो त्यामुळे आधी व्यवहार कसा चालतो ते सांगतो, कारण लोकांचा अर्धा विरोध न समजल्यामुळे असतो.

शाळेचं रोजचं बजेट, म्हणजे पगार, बस, वीज, हे प्रॉपर्टी टॅक्समधून येतं आणि २०१० च्या कायद्याने त्या वसुलीत वर्षाला २ टक्क्यांच्या वर वाढ करता येत नाही, काही अपवाद सोडून. त्या २ टक्क्यांतून महागाई आणि हेल्थ इन्शुरन्स भागवता भागवता नाकी नऊ येतात, नवीन इमारत कुठून येणार? म्हणून इमारतीसाठी डिस्ट्रिक्ट बाँड काढतं, म्हणजे कर्ज, साधारण २० ते ३० वर्षांचं. या कर्जाचा हप्ता त्या २ टक्क्यांच्या बाहेर असतो, आणि म्हणूनच आधी मतदारांना विचारावं लागतं. साधं बहुमत पुरतं.

दुसरी गोष्ट. लोकांनी हो म्हटलं तर पात्र खर्चाच्या निदान ४० टक्के भार राज्य उचलतं, याला डेट सर्व्हिस एड म्हणतात. नाही म्हटलं तर तो पैसा आपल्या गावाला मिळत नाही, पण आपला स्टेट इन्कम टॅक्स काही कमी होत नाही, म्हणजे दुसऱ्या गावाची शाळा आपण बांधतो. हे दारात उभं राहून सांगितलं की माणूस ऐकतो.

मात्र 'पात्र' या शब्दाकडे नीट बघा. दर मुलामागे किती चौरस फूट हे राज्याने ठरवलंय, त्याच्या वरचं बांधकाम, टर्फ (कृत्रिम गवताचं मैदान), स्टेडियमचे दिवे वगैरे त्यात बसत नाहीत. आणि मंजूर झालेली रक्कमसुद्धा राज्य गेली अनेक वर्षं पूर्ण न देता ८५ टक्केच देत आलंय. त्यामुळे "४० टक्के फुकट" असं पत्रकात छापू नका, कोणीतरी जाणकार उभा राहील आणि तुमचं बाकीचं खरं बोलणंही वाहून जाईल.

जुना_एडिसनकर

मी विरोधी पक्षातला समजा. वय सत्तरच्या पुढे, मुलं याच शाळांतून शिकून कॅलिफोर्निया आणि बॉस्टनला गेली. न्यू जर्सीचा सरासरी प्रॉपर्टी टॅक्स २०२४ मध्ये वर्षाला १०,००० डॉलरच्या वर गेला, देशात सगळ्यात जास्त. मी आणि ही, सोशल सिक्युरिटी आणि थोड्या बचतीवर राहतो. दर वेळी "महिन्याला फक्त दोन पिझ्झांचे पैसे" असं सांगत पोरं दारात येतात. शाळेचे दोन, पोलिसांचे दोन, पाण्याचे दोन, असे किती पिझ्झा झाले ते कोणी मोजत नाही.

एडिसनमध्ये डिसेंबर २०१९ मध्ये १८.९५ कोटी डॉलरचं रेफरंडम आलं आणि पडलं. तेव्हा आमच्याकडे सगळे म्हणाले की म्हाताऱ्यांनी पाडलं. अहो, लोकांचे प्रश्न होते! बिल्डरने शेकडो फ्लॅट बांधायचे, त्याचा नफा तो घेऊन जाणार, आणि त्या फ्लॅटमधल्या मुलांचे वर्ग मी का बांधू? न्यू जर्सीत बिल्डरकडून रस्ता, पाणी, गटार यांसाठी वाटा घेता येतो, शाळेसाठी घेता येत नाही. वर टाउनशिप, म्हणजे गावाचं प्रशासन, काही प्रकल्पांना पायलट देते, म्हणजे नेहमीच्या टॅक्सऐवजी ठरवून दिलेली रक्कम. त्यातले ९५ टक्के टाउनशिप ठेवते, ५ टक्के काउंटीला जातात, शाळेच्या वाट्याला कायद्याने काहीच येत नाही. याचं उत्तर द्या, मग मत मागा.

पारिजात_एनजे

काका, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. पिझ्झाचं वाक्य आमच्या पत्रकात येणार नाही, शब्द देते.

पायलटचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे आणि त्यावर टाउनशिप कौन्सिलला धारेवर धरलंच पाहिजे, मी तुमच्याबरोबर मीटिंगला येते. पण एक सांगा, कौन्सिलने दिलेल्या सवलतीची शिक्षा ट्रेलरमध्ये बसलेल्या दुसरीतल्या पोराला का? स्कूल बोर्ड वेगळं, कौन्सिल वेगळं. बोर्डाला झोनिंगमध्ये, म्हणजे कुठे काय बांधायचं त्यात, मत नाही, येईल त्या मुलाला दाखल करून घ्यावंच लागतं, आज तारीख काहीही असो. आपण रागाने नाही म्हणतो तेव्हा बिल्डरला त्याचा पत्ताही लागत नाही.

आणि ३० वर्षांच्या कर्जाचं मला एक पटतं, की जी कुटुंबं दहा वर्षांनी येतील तीही त्या हप्त्यात वाटा देतील, त्या नव्या फ्लॅटवालेसुद्धा, निदान जे नेहमीचा टॅक्स भरतात ते. सगळा भार आजच्या माणसावर पडत नाही.

हिशोबी

काकांसाठी अजून एक. ६५ च्या पुढच्यांसाठी राज्याची सीनियर फ्रीझ योजना आहे. उत्पन्नाची मर्यादा आहे आणि घरात काही वर्षं राहिलेलं असावं लागतं, पण बसत असाल तर पहिल्या वर्षाच्या टॅक्सवर जी वाढ होईल ती राज्य परत देतं. वाढ बजेटमुळे झाली की बाँडमुळे, हा भेद त्यात नाही. आता अँकर, सीनियर फ्रीझ आणि स्टे एनजे या राज्याच्या तिन्ही टॅक्स-सवलत योजनांसाठी एकच फॉर्म असतो, पीएएस-१. आपल्याकडचे कितीतरी आजी-आजोबा हा भरतच नाहीत. मत मागायला जाल तेव्हा हा फॉर्म बरोबर न्या आणि भरायला बसून मदत करा, मत देवोत न देवोत.

फ्रिस्कोची_मेघा

टेक्सासहून. आमच्याकडे फ्रिस्कोत २०१६ मध्ये टॅक्स वाढीचं मतदान पडलं आणि बांधून होत आलेल्या चार शाळा उघडायचं डिस्ट्रिक्टने पुढे ढकललं. तयार इमारत बंद आणि शेजारची शाळा तुडुंब, हे डोळ्यांनी बघितल्यावर २०१८ मध्ये लोकांनी टॅक्सही मान्य केला आणि ६९.१ कोटींचा बाँडसुद्धा. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये चार प्रस्ताव होते, चारही पडले.

आमच्याकडे २०१९ च्या कायद्यापासून शाळेच्या बाँडच्या मतपत्रिकेवर मोठ्या अक्षरात छापावं लागतं की ही प्रॉपर्टी टॅक्सवाढ आहे. दर वाढणार नसेल तरी! माणूस बूथमध्ये जातो, ते वाक्य वाचतो आणि नाही दाबून बाहेर येतो. त्यामुळे आम्ही शिकलो ते एवढंच, की मतदार बूथमध्ये पोचायच्या आधी त्याच्याशी बोलणं झालेलं पाहिजे, तिथे गेल्यावर वेळ गेलेली असते. नोव्हेंबरच्या मोठ्या मतपत्रिकेत तर शाळेचा प्रश्न अगदी तळाशी असतो, लोक तिथपर्यंत येईस्तोवर दमलेले असतात.

पारिजात, तुमचं मार्चला एकटंच आहे ते एका अर्थी बरं आहे गं. जो येईल तो याच कामासाठी येईल.

बे_एरियातला_बाळू

कॅलिफोर्नियात साधं बहुमत पुरत नाही. आधी दोन तृतीयांश लागायचं, नोव्हेंबर २००० मध्ये प्रपोझिशन ३९ पास झालं तेव्हापासून ५५ टक्के लागतात आणि बदल्यात नागरिकांची देखरेख समिती नेमावी लागते, दरवर्षी ऑडिट होतं. ही समिती तुमच्याकडे कायद्याने नसली तरी मागून घ्या. खर्चावर नजर ठेवायला गावातलीच माणसं बसणार म्हटलं की विरोधातले बरेच जण नरमतात. फ्रीमाँटने २०१४ मध्ये ६५ कोटींचा बाँड असाच पास केला. आणि हो, इथे बिल्डरकडून दर चौरस फुटाला शाळेची फी घेता येते, काकांना हवं ते हेच.

पण धोक्याचीही गोष्ट सांगतो. क्युपर्टिनोच्या शाळांसाठी लोकांनी जीव टाकला, घरांच्या किमती इतक्या वाढल्या की लहान मुलांच्या आईबापांना तिथे राहणंच परवडेना, पटसंख्या उतरत गेली आणि २०२२ मध्ये डिस्ट्रिक्टने एलिमेंटरी शाळा बंद केल्या. म्हणून डेमोग्राफरचा (मुलांच्या संख्येचा अंदाज बांधणाऱ्या तज्ज्ञाचा) अहवाल मागवून स्वतः वाचा. मागच्या काही वर्षांत पहिलीतली किती मुलं दुसरीत गेली, दुसरीतली किती तिसरीत, या प्रमाणावर ते पुढचा अंदाज काढतात. त्यात जन्मांचे आकडे कुठले धरलेत, मंजूर झालेले पण न बांधलेले फ्लॅट धरलेत का, हे विचारा.

पारिजात_एनजे

बाळूदादा, अहवाल वाचलाय. फ्लॅट धरलेत. आणि आमच्याकडे अजून एक भर पडणार आहे, २०२५ च्या राज्य कायद्याने २०२९-३० पर्यंत प्रत्येक डिस्ट्रिक्टला फुल-डे किंडरगार्टन द्यायचंय. आमच्याकडे आत्ता हाफ-डे आहे, एका खोलीत सकाळी एक तुकडी, दुपारी दुसरी. पूर्ण दिवस झाला की तेवढ्याच मुलांना दुप्पट खोल्या. म्हणजे मुलं एकानेही वाढली नाहीत तरी वर्ग लागणारच आहेत.

अजून_एचवनबी

माझ्यासारख्यांनी काय करायचं ते कोणी सांगेल का? ग्रीन कार्डच्या रांगेत कित्येक वर्षं आहे. घर माझं, टॅक्स माझा, दोन्ही मुलं त्याच भरलेल्या शाळेत, आणि मत नाही. शेजारच्या घरातले आजोबा चांगले आहेत पण त्यांचं कोणी शाळेत नाही आणि ते मत देणार. मला त्यांचा राग नाही, पण फार हतबल वाटतं. आमच्या गल्लीत मुलं असलेली बहुतेक घरं माझ्यासारखीच आहेत.

वकिली_चष्मा

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं : नागरिक नसाल तर चुकूनही मत देऊ नका आणि मतदार म्हणून नोंदणी करू नका. मोटर व्हेइकल कमिशनमध्ये लायसन्स रिन्यू करताना मतदार नोंदणीचा प्रश्न येतो, तिथे घाईत हो म्हणू नका. त्याचे परिणाम इमिग्रेशनवर फार वाईट होतात, पुढे नागरिकत्वाच्या मुलाखतीत निघतं. सॅन फ्रान्सिस्कोत २०१८ पासून स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत नागरिक नसलेल्या पालकांना मत देता येतं, पण तो तिथला अपवाद, न्यू जर्सीत असं काही नाही.

मग काय करता येतं? बोलता येतं! बोर्डाच्या मीटिंगमध्ये पब्लिक कॉमेंटला उभं राहायला व्हिसा कोणी विचारत नाही. दारोदार जाणं, फोन करणं, शेजाऱ्यांना चहाला बोलावून आपली अडचण सांगणं, वर्तमानपत्राला पत्र लिहिणं, सगळं करा. फक्त पैसे न घेता. आणि मोहिमेला वर्गणी द्यायची असेल तर आधी वकिलाला विचारा, त्यात व्हिसावाल्यांवर बंधनं आहेत.

दुसरं, डिस्ट्रिक्टने स्वतः "हो म्हणा" असं सांगायचं नसतं. हा नियम आपल्याच राज्यातून आलाय. पार्सिपनी-ट्रॉय हिल्सच्या बोर्डाने सरकारी पैशाने पुस्तिका छापली, त्यात "हो म्हटलं नाहीत तर काय होईल" असं एक पान घातलं. प्रकरण न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टात गेलं, निकाल १९५३ मध्ये लागला. न्यायमूर्ती ब्रेनन, जे पुढे देशाच्या सुप्रीम कोर्टात गेले, त्यांनी सांगितलं की माहिती द्या, दोन्ही बाजूंची रास्त माहिती द्यायला हरकत नाही, पण विरोधकाच्याही टॅक्सच्या पैशातून एका बाजूचा प्रचार करता येणार नाही. म्हणून प्रिन्सिपल गप्प दिसले तर त्यांना पर्वा नाही असं समजू नका, त्यांना कामाच्या वेळेत तसं बोलताच येत नाही. प्रचार पालकांनीच करायचा असतो.

कृष्णाकाठ

साताऱ्याहून वाचतोय. तुमचं हे मतदान प्रकरण आम्हाला नवीनच आहे, कारण इथे मालमत्ता कराच्या बिलात शिक्षण कराची ओळ येते आणि आपण भरतो, कोणी विचारत नाही की तुम्हाला शाळा हवी का. विचारतात हे मला आवडलं. नाही म्हणायची मुभा असते म्हणून हो म्हणणाऱ्याची शाळेवर पकडही राहते.

अवांतर वाटेल पण लिहितो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये आमच्या जिल्ह्यात काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली ती लोकांच्या जिवावर. बायका रोज दळताना मूठभर धान्य बाजूला काढायच्या, मुष्टिफंड म्हणायचे त्याला. वसतिगृहातल्या पोरांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या मूठ देणाऱ्या बायकांपैकी कितींची स्वतःची मुलं त्या वसतिगृहात होती? काकांना हे उलटून बोलायचं म्हणून नाही लिहीत, माझंही वय झालंय. पण आपल्या रक्ताचं पोर तिथे नसताना शाळेला देणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे, ती तिकडे गेल्यावर का सोडायची?

जुना_एडिसनकर

कृष्णाकाठ, मी रयतच्याच शाळेत शिकलोय. पुढे काय लिहू.

पारिजात, तरी दोन अटी सांगतो. वर्गखोल्या आणि स्टेडियम एकाच प्रश्नात बांधू नका, मला वर्गांना हो म्हणायचं असेल आणि टर्फला नाही म्हणायचं असेल तर तशी सोय हवी. आणि माझ्या घराच्या असेस्ड व्हॅल्यूवर, म्हणजे टॅक्ससाठी धरलेल्या किमतीवर, नक्की किती डॉलर ते सांगा, सरासरी घराचं नको.

पारिजात_एनजे

काका, दोन प्रश्न वेगळेच आहेत. पहिला वर्गखोल्यांचा, दुसरा मैदान आणि ऑडिटोरियमचा, आणि पहिला पास झाला तरच दुसरा लागू. डिस्ट्रिक्टच्या साइटवर कॅल्क्युलेटर आहे, टॅक्स बिलावरची असेस्ड व्हॅल्यू टाका, बाजारभाव नाही. बरेच लोक झिलो या घरांच्या किमतीच्या साइटवरचा आकडा टाकतात आणि घाबरतात. जुनं कर्ज कधी फिटतंय तेही तिथे लिहिलंय, ते फिटल्यावर हप्ता किती उतरेल ते बघा, मी परवा तुमच्यासारख्याच एका आजोबांबरोबर बसून पाहिलं.

दारोदार

मी आमच्या गावात केलंय हे, प्रिन्स्टनच्या बाजूला. प्रिन्स्टनमध्ये २०१८ ला आधी जवळपास १३ कोटींची योजना होती, लोक भडकले, मग डिसेंबरमध्ये २.६९ कोटींचीच मतदानाला ठेवली आणि ती पास झाली. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोने त्याच सुमारास ११.४८ कोटी एकदम मागितले आणि तेही पास झाले. म्हणजे आकडा लहान की मोठा यावर सगळं नसतं, लोकांना योजना समजली का यावर असतं.

माझा अनुभव सांगते. मतदार यादी काउंटीकडून मिळते, त्यात कोणी मागच्या शाळेच्या निवडणुकीला मत दिलं ते दिसतं (कोणाला दिलं ते नाही). आधी त्यात आपली आडनावं शोधा. कुलकर्णी, पाटील, शिंदे, जाधव, नागरिक होऊन जमाना झाला आणि शाळेच्या मतदानाला कधी गेलेच नाहीत असे ढिगाने सापडतात. त्यांना पटवायचं नसतं, फक्त तारीख सांगायची असते. त्यानंतर आजी-आजोबा, आणि त्यांच्याकडे शाळेत जाणारं मूल सोबत घेऊन जा, पण त्याला बोलायला लावू नका, नाटक वाटतं. विरोधकाशी वाद घालू नका, ऐकून घ्या आणि त्याचा प्रश्न वहीत लिहा, उत्तर घेऊन परत जा. परत जाणारी माणसं फार कमी असतात, त्यामुळे लक्षात राहतात.

आणि शाळा बघायला बोलवा. बोर्डाला सांगून शनिवारी ट्रेलर उघडे ठेवायला लावा. फोटोपेक्षा तो वास जास्त काम करतो.

अजून_एचवनबी

मी शेजारच्या आजोबांना शनिवारी घेऊन जाईन. त्यांना गाडी चालवता येत नाही आता.

हिशोबी

पडलं तर काय, असं मला निरोपातून विचारलंय, म्हणून लिहितो. फ्रीहोल्ड बरोमध्ये, छोटंसं गाव, शाळा खचाखच, २०१४ मध्ये मतदारांनी दोनदा नाही म्हटलं. डिस्ट्रिक्ट राज्याकडे गेलं आणि २०१५ मध्ये शिक्षण आयुक्तांनी मतदारांचा निर्णय बाजूला ठेवून बांधकामाला परवानगी दिली. कायद्यात ती वाट आहे, पण तिथपर्यंत जायला मुलांची वर्षं जातात आणि गावात कडवटपणा राहतो तो वेगळा. त्या वाटेवर भिस्त ठेवू नका.

पारिजात_एनजे

सगळ्यांचे आभार. कामाचं लिहून ठेवते.

नागरिक असाल आणि नोंदणी नसेल तर मतदानाच्या २१ दिवस आधीपर्यंत करता येते. पोस्टाने मत द्यायचं तर अर्ज काउंटी क्लार्ककडे मतदानाच्या ७ दिवस आधी पोचला पाहिजे, त्यानंतर आदल्या दिवशी दुपारी ३ पर्यंत स्वतः जाऊन अर्ज करता येतो. मार्चमध्ये भारतात जाणाऱ्यांनी हे आत्ताच करा! शाळेच्या वेगळ्या मतदानाला केंद्रं सकाळपासून उघडी असतीलच असं नाही, काही ठिकाणी दुपारनंतरच उघडतात आणि रात्री ८ ला बंद, त्यामुळे ऑफिसला जायच्या आधी टाकू म्हणणाऱ्यांनी वेळ बघून घ्या.

मिडलसेक्समधले कोणी शनिवारी माझ्याबरोबर यायला तयार असतील तर निरोप करा. काका, कौन्सिलची मीटिंग दुसऱ्या बुधवारी आहे, मी तुम्हाला घरून घेते.